लाल खुणेचं पिल्लू

सुगरतीबाई कासदेकरांनी पहिल्याच भेटीत नाही म्हणून सांगितलं.

"तुम्हाला हे पिल्लू नाही देत मी, ताई. चहा घ्या आणि जा."

हेमलता गावंडेला नाही ऐकायची सवय नव्हती. अमरावती-चिखलदरा गाडीवर तिने एकतीस वर्षं कंडक्टरकी केली होती. तिने पुढच्या दारातून "मागे सरका" म्हटलं की शेवटच्या बाकावरचा झोपलेला माणूसही सरकायचा. शिवाय या पिल्लावर आपला थोडा हक्क आहे असंच तिला वाटत होतं. ते एका दलालाच्या तावडीतून सुटलं होतं ते तिच्यामुळे.

"काऊन नाही?" तिने विचारलं.

सुगरतीबाईंनी बोट दाखवलं. ओसरीच्या कोपऱ्यात, पाट्यामागे, लिंबाएवढं डोकं आणि त्यावर दोन मोठे कान दिसत होते. पाट्याखालून पाण्याचा एक बारीक ओघळ फरशीवर आला होता.

"तुम्ही दारातून 'कोणी आहे का घरात' म्हणून हाक मारली ना, तेव्हाचा आहे तो," सुगरतीबाई म्हणाल्या. "तिला अजून धडधडून राहिलं आहे. हळू बोला."

हेमलताने तोंड मिटलं. अडीच तासांचा प्रवास करून, घाट चढून ती आली होती.

या सगळ्याला सुरुवात झाली होती दीड वर्षापूर्वी, तिचे यजमान दिगंबरराव यांच्या आजारापासून. अमरावतीच्या बसस्थानकावर सव्वीस वर्षं ज्यांचा आवाज ऐकून लोकांनी गाड्या पकडल्या, ते दिगंबर गावंडे. मेंदूत रक्ताची गुठळी अडकली, आणि जीव वाचला तरी उजवा हात आणि बोलणं दोन्ही गेलं. समोरच्याचं सगळं कळायचं, काय म्हणायचं तेही ठरलेलं असायचं, पण ओठांवर "अं" याखेरीज काही यायचं नाही. मित्र सुरुवातीला रोज येत. उत्तर न देणाऱ्या माणसाशी किती बोलणार? हळूहळू येणं थांबलं. साईनगरच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात मग एकट्या हेमलताचा आवाज उरला. ती दोघांच्या वाटचं बोलायची. प्रश्न तिचा, उत्तरही तिचंच.

वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनीच कुत्र्याचं सुचवलं. पण ते अगदी छोटं हवं होतं. दिगंबररावांच्या एका हाताला साखळीचा हिसका सोसणार नव्हता, आणि हेमलताची मनगटं एकतीस वर्षं गाडीतल्या दांड्या धरून गेलेली. मांडीवर मावेल, दोन किलोंच्या वर जाणार नाही, असा चिवावा जातीचा कुत्रा बघा, असं त्या म्हणाल्या.

"आई, घाई करू नकोस," पुण्याहून केतकीने बजावलं होतं. "मातृलेख हिरवा असेल तरच घे."

केतकी म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी, संख्याशास्त्र शिकलेली. मातृलेख हे यंत्र ज्या प्रयोगशाळेत तयार झालं तिथेच ती कामाला होती. त्याचे हिरवा, पिवळा आणि लाल हे तीन रंग कुठे बदलायचे, हे ठरवणारा तक्ता तिने स्वतः केला होता.

यंत्र दिसायला तापमापकासारखं. पिल्लाच्या गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची, ती यंत्रात घालायची, चाळीस मिनिटं थांबायचं. त्यामागचं शास्त्र असं होतं. शरीरातल्या प्रत्येक पेशीत जनुकांची पोथी एकच असते, पण त्या पोथीतलं कुठलं पान उघडं ठेवायचं आणि कुठलं मिटायचं, हे ठरवणाऱ्या बारीक रासायनिक खुणा अक्षरांवर बसलेल्या असतात. या खुणा जन्मभर त्याच राहत नाहीत. जगण्याप्रमाणे त्या बसतात आणि पुसल्या जातात. त्यांतल्या काही अगदी सुरुवातीला बसतात. पिल्लू पोटात असताना आई उपाशी असली, घाबरलेली असली, किंवा जन्मल्यावर तिला पिल्लाला चाटूच दिलं नाही, तर भीतीला लगाम घालणाऱ्या जनुकावर खुणांचा थर चढतो आणि ते पान अर्धवट मिटतं. असं पिल्लू एकदा घाबरलं की त्याची भीती लवकर उतरत नाही. थोडक्यात, आईने काय भोगलं याची नोंद पिल्लाच्या गालात सापडते. विकणारा काहीही सांगो, पिल्लाचा गाल खोटं बोलत नाही.

या एका गोष्टीने दोन वर्षांत पुष्कळ घडलं. इवल्या कुत्र्यांची हौस वाढली तशी त्यांच्या माद्यांना खुराड्यात कोंडून वर्षाला दोन-दोन वेतं काढणाऱ्यांचा सुळसुळाट झाला होता. मातृलेख सक्तीचा झाला आणि त्यांतले बहुतेक बंद पडले. केतकीला त्याचा अभिमान होता, आणि तो वाजवीच होता.

हिरव्या पिल्लांसाठी मात्र चौदा महिने थांबावं लागत होतं. म्हणून एका ओळखीच्या ओळखीने दलालाचा नंबर दिला तेव्हा हेमलता त्याला भेटायला गेली. त्याने चहाच्या दुकानात टेबलावर शर्टाच्या खिशातून पिल्लू काढून ठेवलं. अक्षरशः खिशातून.

"दहा आठवड्यांचं आहे, मावशी. जातच एवढीशी असते. हा कागद बघा, हिरवा."

हेमलताने पिल्लाच्या डोक्यावरून बोट फिरवलं. टाळू भरली नव्हती. बोटाखाली मऊ लागली. तिने केतकीला वाढवलं होतं, तिला कळलं. दात तर पुरते फुटलेही नव्हते.

"याची आई कुठे आहे?"

"आई बाहेरगावी असते."

बाहेरगावी, जशी काही नोकरीला! हेमलताने पिशवीतून केतकीने पाठवलेलं यंत्र काढलं. चाळीस मिनिटं तो माणूस चुळबुळत बसला आणि ती त्याच्याकडे एकटक बघत बसली, विनातिकीट प्रवाशाकडे बघावं तशी. खूण लाल आली. कागद दुसऱ्याच कुठल्या पिल्लाचा होता.

"लाल तर लाल. कमी करून देतो," तो म्हणाला.

तिच्या ओंजळीत पिल्लू थरथरत होतं. घेऊन टाकावं आणि निघावं, असं तिच्या अगदी मनात आलं. पण आपण हे घेतलं की त्याच्या जागी उद्या या खिशात दुसरं येणार, आणि ती बाहेरगावची आई पुन्हा गाभण राहणार. तिने पिल्लू टेबलावर ठेवलं, बाहेर आली, आणि पशुकल्याण खात्याच्या नंबरावर तक्रार केली. दलाल पकडला गेला. त्याने दाखवलेल्या शेडमध्ये चिवावाच्या सात माद्या सापडल्या. ते पिल्लू आणि त्या सात माद्या सुगरतीबाईंकडे रवाना झाल्या.

आणि आता सुगरतीबाई तिला नाही म्हणत होत्या.

"मी तक्रार केली म्हणून तर ती इथे आली," हेमलता शक्य तितक्या हळू म्हणाली. तिचं हळू म्हणजे इतरांचं नेहमीचं बोलणं होतं.

"चांगलं केलं. तुमचे उपकार आहेत तिच्यावर. पण वाचवलं म्हणून ती तुमची होत नाही ना, ताई."

सुगरतीबाई कोरकू समाजातल्या. पशुधन पर्यवेक्षक म्हणून मेळघाटात नोकरी केलेल्या. अडलेल्या गाई-म्हशींची वासरं सोडवण्यात हयात गेली, आणि निवृत्त झाल्यावर ज्या कुत्र्यांना कुणी घेत नाही ती त्यांच्या वाट्याला येऊ लागली. मोथ्याच्या फाट्याजवळ त्यांचं घर. बिबट्याच्या भीतीने ओसरीला वरपर्यंत जाळी मारलेली. आत गरम पाण्याच्या पिशव्या, त्यांवर घोंगडीचे तुकडे, आणि त्या तुकड्यांवर सात माद्या. त्यांतली सगळ्यात म्हातारी दिसणारी पिल्लाची आई होती. वय चार वर्षं.

"चार?" हेमलताला खरं वाटेना.

"सहा वेळा व्याली. दात पडले सगळे." सुगरतीबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला, तसे तिने डोळे मिटले. "हिला पिल्लाला चाटायचं माहीतच नाही. दर वेळी काढून घेतली ना. मग मीच चाटलं."

"म्हणजे?"

सुगरतीबाईंनी खिडकीतून लहान मुलांचा मऊ दात घासायचा ब्रश काढला. तो कोमट पाण्यात बुडवायचा आणि पिल्लाच्या डोक्यापासून शेपटीपर्यंत फिरवायचा, आईच्या जिभेसारखा. दर दोन तासांनी, पाच आठवडे. शेजारी एक वही होती. तिच्यात पिल्लाचं सकाळ-संध्याकाळचं वजन ग्रॅममध्ये लिहिलेलं होतं. किती खाल्लं, कशाला घाबरलं, घाबरल्यावर किती मिनिटांनी शांत झालं, तेही लिहिलेलं. पहिल्या पानावर एकेचाळीस मिनिटं होती. शेवटच्या पानावर सव्वीस.

हेमलताने ती वही चाळली. आयुष्यभर तिने कामसू माणसं पाहिली होती, पण कुणी बघत नसताना इतकं नेटकं काम करणारं माणूस तिने पाहिलं नव्हतं. ती उठली तेव्हा तिचा राग गेलेला होता.

"घरात आणखी कोण असतं?" सुगरतीबाईंनी दारात विचारलं.

"हे असतात. बोलत नाहीत."

"रुसून?"

"नाही हो. आजाराने वाचा गेली."

सुगरतीबाईंनी वळून पाट्याकडे पाहिलं. "मग त्यांना घेऊन या गुरुवारी. देईन असं म्हणत नाही मी. फक्त या. आणि ताई, तुम्ही बोलू नका."

केतकी फोनवर भडकली. "लाल? आई, अगं लाल खुणेच्या शंभर पिल्लांमधली बासष्ट वर्षाच्या आत परत केली जातात. भितात, चावतात, घरभर घाण करतात. बाबांना त्रास होईल. मी उगीच नाही तो रंग ठेवलेला."

"तुझा आकडा खरा असेल. पण मला एक सांग, परत करणाऱ्यांना आधीपासून माहीत असतं ना, की ते लाल आहे?"

"अर्थात. कागदावर असतं."

"मग ते चावतं म्हणून परत करतात, की लाल आहे म्हणून आधीच पाऊल मागे घेतात?"

पलीकडे केतकीने कळफलकावर काही तरी शोधल्याचं ऐकू आलं.

"ते आम्ही मोजलं नाही," केतकी शेवटी म्हणाली.

"शेडवाल्यांपासून माणसांना वाचवलंत, ते मोठं काम केलंत, बाप्पा. आता त्या पिल्लांचं काय, तेही बघा."

गुरुवारी दिगंबररावांना गाडीत चढवताना हेमलताला घाम फुटला. त्यांना यायचंच नव्हतं. सुगरतीबाईंच्या ओसरीवर ते खुर्चीत बसले आणि सगळ्यांकडे पाठ करून दरीकडे बघत राहिले. ना पिल्लाकडे पाहिलं, ना माणसांकडे. हेमलताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती काही बोलणार तोच सुगरतीबाईंनी तिचा हात दाबला.

"बघत नाहीत, हेच बरं आहे," त्या कुजबुजल्या. "भ्यालेल्या जिवाला नजर नको असते."

तासभर काही झालं नाही. मग एक माशी दिगंबररावांच्या नाकाभोवती घोंगावू लागली, आणि वैतागून त्यांनी टाळ्याला जीभ लावून आवाज काढला. टॉक्.

पाट्यामागचे दोन कान उभे राहिले.

माशी परत आली. टॉक्. कान त्यांच्या दिशेला वळले. दिगंबररावांनी ते डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं असावं. कारण तिसऱ्या वेळी माशी नव्हती. टॉक्-टॉक्. त्या दिवशी पिल्लू पाट्याबाहेर चार पावलं आलं आणि परत गेलं. सुगरतीबाईंनी वहीत तेवढंच लिहिलं: चार पावलं.

उतरताना गाडीत हेमलताच्या डोक्यात शब्दांची गर्दी झाली होती, पण ओसरीवर दोन तास गप्प बसल्याने जीभ जड झाली होती. तिने हळू विचारलं, "थंडी वाजते का तुम्हाला?" आणि सवयीने स्वतःच उत्तर देणार होती. दिलं नाही. थांबली. उपचार करणाऱ्या बाई तिला वर्षभर हेच सांगत होत्या: थांबा, वीसपर्यंत मोजा. तिला कधी पाचच्या पुढे जमलं नव्हतं. आता घाटाची दोन वळणं गेली.

"ना...ही," दिगंबरराव म्हणाले.

हेमलताने खिडकीकडे तोंड फिरवलं. उभ्या जन्मात तिला कुठल्या नाहीचा इतका आनंद झाला नव्हता. आणि त्याच आनंदात तिला काही तरी बोचलंही. दीड वर्ष हा माणूस बोलायचा प्रयत्न करत होता की नव्हता, हे आपल्याला कळणार कसं होतं? त्याची जागा आपणच आपल्या आवाजाने भरून टाकली होती.

मग गुरुवार ठरून गेला. तिसऱ्या गुरुवारी पिल्लू खुर्चीच्या पायाशी आलं. पाचव्या गुरुवारी दिगंबररावांनी डावा हात खाली सोडून ठेवला आणि पिल्लाने तो हुंगला. सातव्याला केतकी पुण्याहून आली, यंत्र घेऊन. ते तिने पिशवीतून काढलंच नाही. ती सुगरतीबाईंच्या वहीपाशी बसली, आणि चहा निवून गेला तरी उठली नाही.

"तुम्ही हे कुणी सांगितलं म्हणून लिहिलंत?"

"कोण सांगणार? आज कालच्यापेक्षा बरं आहे का, ते कळायला नको?"

"शांत व्हायला एकेचाळीस मिनिटं लागत होती. आता नऊ लागतात." केतकी वहीवरून हात फिरवत होती. "आमच्याकडे सहा हजार पिल्लांची नोंद आहे, मावशी. आईवर काय गुजरलं तिथपर्यंतच. त्यानंतर कुणी काय केलं, याचा रकानाच नाही आमच्याकडे. खुणा पुसल्या जातात हे आम्ही स्वतःच लिहितो, आणि कागदावर मात्र एक रंग कायमचा छापून मोकळे होतो."

"मग करा रकाना," सुगरतीबाई म्हणाल्या. जणू फाटलेली जाळी शिवायची असावी.

केतकीने तो केला. त्यासाठी तिला आठ महिने भांडावं लागलं, स्वतःच्याच तक्त्याविरुद्ध. मातृलेखाच्या कागदावरचे रंग गेले. आता वर लिहिलेलं असतं, आईचे दिवस कसे गेले. शेडवाल्यांना पकडायला तेवढं पुरतं. खाली लिहिलेलं असतं, या पिल्लाला काय काय लागेल. आणि त्याखाली मोकळ्या ओळी, सांभाळणाऱ्यांसाठी.

पण ते पुढचं. अकराव्या गुरुवारी पिल्लू दिगंबररावांच्या मांडीवर चढलं, त्यांच्याकडे पाठ केली आणि दरीकडे तोंड करून झोपलं. हेमलताला वाटलं, पाठ का फिरवली?

"पाठ दाखवणं म्हणजे भरवसा," सुगरतीबाई म्हणाल्या. मग आत जाऊन त्या पिल्लू सोपवायचा कागद घेऊन आल्या. त्यांनी कागदाआधी पुष्कळ काही सांगितलं. दिवसातून चार वेळा थोडं थोडं खायला. मलूल दिसली तर हिरड्यांना साखरेचं पाणी, आणि लगेच डॉक्टर. गुडघ्याची वाटी सरकते का, दर तीन महिन्यांनी तपासायचं. पलंगावरून उडी मारू द्यायची नाही. आणि कधी नको वाटली तर कुणाला द्यायची नाही, इकडेच आणायची, कुठल्याही वर्षी.

हेमलता प्रत्येक गोष्टीला मान हलवत होती. "आणि तिची आई?" तिने विचारलं.

"ती माझ्याजवळ राहील. तिला आता कुणी कुठे न्यायचं नाही."

सुगरतीबाईंनी पेन उघडलं. जात, वय, वजन, सगळं भरून झालं. एक किलो तीनशे ग्रॅम.

"नाव काय ठेवलं?"

हेमलताने तोंड उघडलं. तिच्याकडे चार-पाच नावं तयार होती. मग तिने दिगंबररावांकडे पाहिलं आणि तोंड मिटून घेतलं. सुगरतीबाईही पेन धरून थांबल्या. घाई कुणालाच नव्हती.

दिगंबररावांनी जीभ टाळ्याला लावली. टॉक्-टॉक्. झोपेतच तिचे दोन्ही कान हलले, आणि तिने डोळे उघडून मान मागे वळवली.

सुगरतीबाई कागदाकडे बघत विचारात पडल्या. हे लिहायचं कसं? मग त्यांनी वळणदार अक्षरांत काही तरी लिहिलं आणि कागद घडी करून हेमलताच्या हातात दिला.

पुढच्याच आठवड्यात तिघं अमरावतीच्या जनावरांच्या दवाखान्यात लसीसाठी गेली. खिडकीतल्या मुलीने हेमलताकडून कागद घेतला आणि माहिती भरू लागली. जात, वय, वजन. मग तिची बोटं थांबली. तिने कागद जवळ धरून पुन्हा वाचला, हेमलताला ओलांडून मागे बाकावर बसलेल्या माणसाकडे पाहिलं, आणि खुर्चीतून जराशी उठली.

"दिगंबर गावंडे आपणच का, काका? इथे पिल्लाच्या नावापुढे लिहिलं आहे, यांना विचारावे."

हेमलता बाजूला सरकली. दिगंबररावांनी मांडीवरच्या पिल्लावरून हात काढला, पाठ सरळ केली. दवाखान्यातली माणसं वळून त्यांच्याकडे बघू लागली होती.

"सांगा ना काका," मुलगी म्हणाली. "काय नाव हिचं?"